गोजरबाईच्या मुठीची मडकी

मान वाकडी आहे म्हणून हसू नका. मी मडकी बोलतेय. तीर्थपुरीच्या कचरू कुंभारानं मला घडवलं. चाक फिरत होतं, तो गिऱ्हाइकाशी गप्पा मारत होता. हात सरकला आणि माझी मान कायमची कलली. कुरकुर पोटात बसली ती तेव्हापासून.

भाजून मात्र मी अशी काळीभोर निघाले की विचारू नका! पण झाकणच बसेना. म्हणून दह्याला नको, तुपाला नको. जालन्याच्या झुंबरबाईंनी मला नेलं आणि जात्याजवळ ठेवलं, मुठीसाठी.

मूठ म्हणजे काय? निजामाच्या राज्यात, जालन्याच्या ख्रिस्ती वस्तीत एक रीत होती. दळायच्या आधी मूठभर ज्वारी मडकीत टाकायची आणि देवाच्या एका उपकाराचं नाव घ्यायचं. रविवारी मडक्या उपासनेला न्यायच्या. मग आठवड्यात ज्याची चूल अडेल, त्याच्या घरी एक मडकी जायची.

झुंबरबाईंची सून गोजरबाई. कडेवर पहिलं लेकरू. ते रडलं तर ही भ्यायची, गप झोपलं तर त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. तिची मूठ अशी पडायची :

“प्रभू, लेकराला दात येऊन राह्यले, तुझे उपकार. पर किती छळून राह्यलास त्याला!”

मूठ आभाराची, शेपूट तक्रारीचं. आमचं दोघींचं छान जमायचं.

उपासनेत गोजरबाईचे डोळे मिटलेले असत, पण पुरते नाही. शेजारच्या नंदाबाईची मडकी नेहमी काठोकाठ असायची, आणि ते बघायला एवढीशी फट पुरे. मलाही त्या मडकीची सरळ मान बघवत नसे.

एका पावसाळ्यात गोजरबाईचा नवरा कडूबा गाडी घेऊन शहागडला गेला. गोदावरीला पूर आला, तो तिकडंच अडकला. घरात ज्वारी तळाला लागली. उपासनेच्या बायांना तसं सांगायचं की नाही? नाही! गोजरबाईनं माझ्यात गळ्यापर्यंत कोंडा भरला आणि वर दोन मुठी ज्वारी पसरली. त्या रविवारी सगळ्यांत भरलेली मी! खोटं सांगत नाही, मीसुद्धा फुगले.

मंगळवारी लेकराला ताप भरला. बुधवारी डबा रिकामा. आईच्या पोटात काही नाही, तर लेकराला दूध कुठून? गोजरबाई त्याला छातीशी धरून नुसती डुलत होती. तेवढ्यात दारात नंदाबाई आली. कमरेवर कोण? मी!

“गोजरे, लेकरू तापलंय, कडूबा तिकडं अडकलाय, तर पाळकसाहेब म्हणले तुझ्याकडं मडकी न्या. मी म्हणलं, सगळ्यात भरलेली देते. तर ती तुझीच निघाली की! पर भरलेली दिसती अन् हलकीच लागून राह्यली गं.”

“राहू दे तिथंच, नंदाबाई. मी वतून घेते.”

“लेकरू घेऊन कशी वतशील?”

सूप पुढं ओढून तिनं मला उपडं केलं. आधी दोन मुठी ज्वारी पडली. मग कोंडा. पडतच राहिला. झुंबरबाई सुपाकडं बघत राहिल्या.

“म्याच भरल्ता,” गोजरबाई खाली मान घालून म्हणाली. “ज्वारी सरल्ती. सांगायची लाज वाटली. देवालाबी फशिवलं म्या.”

नंदाबाई लाजेनं लाल झाली. मग हळूच म्हणाली, “माझ्या मडकीत तळाला उपडी वाटी हाय. दोन इतवार झाले.”

मग झुंबरबाईच आधी फिसकन हसल्या. त्यांचं बघून दोघी हसता हसता रडल्या. नंदाबाई पळत घरी गेली आणि ओटीभर ज्वारी घेऊन आली. गोजरबाईनं ताजं दळून कण्या शिजवल्या, पोटभर खाल्ल्या, लेकराला पाजलं. शनिवारी ताप उतरला. पूर ओसरल्यावर कडूबाही आला.

त्यानंतरची पहिली मूठ मला अजून आठवते. “प्रभू, नंदाबाई दिलीस, तुझे उपकार.” शेपूट नव्हतं. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग वाटलं, माझी मान सरळ असती तर झाकण बसलं असतं, आणि मी कुठल्यातरी शिंक्यात दही धरून बसले असते. कचरूबाबा, तुझेही उपकार.

आता तळाला भोक पडलंय. गोठ्यात पडून असते. एक कोंबडी माझ्यात अंडी घालते आणि दरवेळी गाव डोक्यावर घेते. तिला सांगते, “बाई, दिलं ते दिलं. एवढी मिरवू नको.” तुम्हालाही तेवढंच सांगणं.

पहिलं अंडं नंदाबाईच्या घरी जातं. तिच्या त्याच वाटीत. आता ती उताणी असते.