आखाजीला धाडलेलं तेल

प्रेमराजला मरायचं नव्हतं. आता मरायचं कुणाला असतं म्हणा, पण हा गडी न मरण्याच्या मागे हात धुऊन लागला होता. जळगावात बँकेतून निवृत्त झालेला, सत्तरी उलटलेली, दात शाबूत, गुडघे शाबूत. तरी मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांतला एखादा गेला की हा दुसऱ्याच दिवशी रक्तदाब तपासून यायचा. त्याच मंडळींतल्या नवलने त्याला एक बाटली आणून दिली. ऑलिव्हच्या तेलात विरघळवलेला कार्बन, रंगाने पिकल्या जांभळासारखा. म्हणे याने शरीर आतून गंजत नाही, म्हातारपण ठणठणीत जातं. उंदरांवर प्रयोग झालेत, माणसांचं अजून बघताहेत.

"कार्बन म्हणजे कोळसाच ना?" इंदिराबाई, त्याची बायको, म्हणाली. "मग तव्याखालची काजळी चाटा की! फुकट आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं?" प्रेमराज म्हणाला आणि त्याने उपाशीपोटी एक चमचा घेतला. तेलाला ऊन चालत नाही, उजेड चालत नाही, म्हणून बाटली काळ्या फडक्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत ठेवली. तीन महिने एकही दिवस चुकवायचा नाही, असं नवलने बजावलं होतं. प्रेमराजने ते देवाची आज्ञा असल्यासारखं पाळलं.

नेमकी त्यातच आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया आली.

खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, पण आपल्या पायाने नाही. भावाने मुराळी होऊन सासरी जायचं, बहिणीला घेऊन यायचं. धुळ्याला प्रेमराजची थोरली बहीण होती, तानुबाई. आई लवकर गेली तेव्हा याला कडेवर घेऊन वाढवलं ते तिने. त्याला मिसरूड फुटल्यापासून एकही आखाजी अशी गेली नव्हती की तो मुराळी गेला नाही. दारात उभा राहून दरवर्षी तेच ओरडायचा, "चाल वं अक्का, गाडी चुकी जाई!" आणि अक्का मुद्दाम सावकाश कुंकू लावायची, सुनेला चार सूचना द्यायची, पिशवी त्याच्या हातात द्यायची. पंचाहत्तरीनंतर तिला एसटी फुकट झाली. सून सारिका म्हणायची, "आत्या, दोन-अडीच तासांचा तर रस्ता, बसवून देते मी." अक्का उसळायची, "मुराळीशिवाय माहेरले जाऊ? मी काय टाकेल बाई शे का?"

आणि या वर्षी या शहाण्याने काय केलं? फोन केला.

"अक्का, आवंदा नही जमाव. औषध चालू शे. ऊन चालत नही त्याले, बाटली गाडीमा नेता येत नही."

पलीकडून अक्का म्हणाली, "तब्येत बरी शे ना तुनी?"

"एकदम बरी. आते आपले भलता वरीस जगनं शे, अक्का. पुढला साल येसू. तुनासाठे बी एक बाटली धाडस."

पुना, अक्काचा मुलगा, कामाला जळगावला आला होता, त्याच्याबरोबर रात्रीच्या गाडीने, काळ्या फडक्यात गुंडाळून बाटली दिली. उजेडात ठेवू नका, रोज एक चमचा, हे दहादा सांगितलं. बहिणीला आयुष्य पाठवलं, म्हणून प्रेमराज स्वतःवरच खूश होता. इंदिराबाई तेवढी म्हणाली, "तिला बाटली नको होती हो. तुम्ही हवे होतात." पण बायकोचं ऐकलं तर तो नवरा कसला!

पोळ्याच्या आधी अक्का गेली. दुपारी जेवली, आडवी झाली, उठलीच नाही.

दशक्रिया आटोपली, पाहुणे पांगले, तेव्हा प्रेमराज तिच्या खोलीत आला. देव्हाऱ्याशेजारी ती बाटली दिसली. रिकामी. त्याला तेवढ्यातही बरं वाटलं. माणसाचं मन किती कोडगं असतं!

"घेतलं म्हणायचं तिने सगळं," तो सारिकाला म्हणाला. "काही गुण आला होता का गं?"

सारिकाने रिकामी बाटली उचलून हातात घेतली. "नाना, कसं सांगू? एक थेंब घेतला नाही त्यांनी. रोज संध्याकाळी समईत घालायच्या."

"समईत? अगं, ते तेल उजेडात सुद्धा..."

"सांगितलं ना मी! ऐकतात कुठे? म्हणायच्या, मना भाऊनी आयुष्यनं तेल धाडेल शे, ते मी पिसू तं त्याले काय उरी? त्याना नावनी वात लावस. तो जगाले जोयजे. पुढला आखाजीले मुराळी कोन येई मंग?"

प्रेमराज देव्हाऱ्याजवळ गेला. समईच्या वातीवर काजळी साचली होती. कडेवर घेऊन फिरवणारीने शेवटपर्यंत आयुष्य यालाच दिलं, आणि याला दोन-अडीच तासांचं ऊन सोसलं नाही! त्याला स्वतःच्या शाबूत दातांची, शाबूत गुडघ्यांची लाज वाटली.

सारिकाने कोपऱ्यातून एक पिशवी आणून त्याच्यापुढे ठेवली. "तुमचा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी भरली होती. मग सोडूच देईनात. म्हणायच्या, राहू दे, पुढल्या साली परत कुठे भरू." आत दोन लुगडी होती, फणी, कुंकवाचा करंडा, आणि इंदिराबाईसाठी घेतलेलं चोळीचं कापड.

निघायची वेळ झाली. पुना गाडीतळापर्यंत सोडायला मोटारसायकल काढून उभा राहिला. प्रेमराजने पिशवी उचलली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि थांबला. मागे वळून, त्या रिकाम्या खोलीकडे बघत, दरवर्षीच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं,

"चाल वं अक्का, गाडी चुकी जाई."