३०४ आणि ३०५चं एकीकरण

सप्टेंबरच्या वादळात आमच्या इमारतीत दोन गोष्टी फुटल्या. एक, सोसायटीचे अध्यक्ष मोरिता-सान यांची कुंडी. दोन, ट्रेव्हर आणि फर्गल यांच्या बाल्कन्यांमधलं पार्टिशन. कुंडीचं त्याच दिवशी मिटलं.

हे पार्टिशन काय प्रकरण असतं ते आधी सांगतो. जपानी इमारतींत शेजारशेजारच्या बाल्कन्यांमध्ये भिंत नसते, पातळ फळी असते. पुठ्ठ्यापेक्षा जरा बरी. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, 'आणीबाणीच्या वेळी ही फोडून शेजारी जावे.' लाथ मारली की फुटेल अशीच ती बनवतात. वादळाने सूचना नीट वाचली असावी.

आम्ही जपानमधल्या एदोगावात राहतो, ३०६मध्ये. मी पार्थ, पुण्याचा, एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. माझी बायको रुचा नागपूरची, आणि ती मला सांभाळते असं तिचं म्हणणं आहे. ३०५मध्ये फर्गल. आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या कॉर्क शहराचा, पन्नाशीचा, इंग्रजी संभाषणाचे क्लास घेतो. ३०४मध्ये ट्रेव्हर, साठीचा, जहाजांच्या इंजिनांतला माणूस. हा उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिमीनाचा, म्हणजे आयर्लंडचा, असं फर्गल म्हणतो. म्हणजे ब्रिटनचा, असं ट्रेव्हर म्हणतो. इंग्रजीत अहो-जाहोची सोय नसल्यामुळे दोघांनाही मी एकेरीच हाक मारतो. मनात अहो असतं.

मोरिता-सानांना या दोघांचं कोडं कधी सुटलं नाही. रग्बीत आयर्लंडचा संघ एकच असतो, तेव्हा दोघं एकसारखी हिरवी जर्सी घालून ओरडतात. फुटबॉलमध्ये दोन संघ असतात, तेव्हा दोघं एकमेकांवर ओरडतात. त्यात ट्रेव्हरकडे ब्रिटिश पासपोर्ट आहेच, शिवाय त्याने आयरिशही काढलाय.

"का?" मी एकदा विचारलं होतं.

"युरोपात विमानतळावर ती रांग छोटी असते," ट्रेव्हर म्हणाला. "याचा देशाशी काही संबंध नाही."

दर शनिवारी सकाळी नऊ वाजता ट्रेव्हर पार्टिशनवर दोनदा टकटक करायचा. फर्गल कठड्याबाहेरून हात वळवून चहाचा कप पलीकडे द्यायचा. दाराने गेलं तर अंतर सात पावलं. अकरा वर्षांत कोणी दाराने गेलं नव्हतं. मग दोघं आपापल्या बाल्कनीत बसून, एकमेकांचं तोंड न बघता, तासभर भांडायचे. विषय ठरलेला: आयर्लंड एक व्हावं की नाही. फर्गलचं म्हणणं, व्हायलाच हवं. कधी, असं विचारलं की तो म्हणायचा, आधी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे. ट्रेव्हरचं म्हणणं, मी आहे तिथेच बरा आहे. हे तो एदोगावात बसून सांगायचा.

वादळानंतरच्या पहिल्या शनिवारी ट्रेव्हर बाहेर आला, त्याने टकटक करायला हात उचलला आणि हात तसाच हवेत राहिला. समोर काही नव्हतंच. तेवढ्यात फर्गल हाफपँटवर, दोन कप घेऊन, थेट भोकातून पलीकडे गेला आणि ट्रेव्हरच्या खुर्चीत बसला.

"बघ! झालं एक आयर्लंड. एका रात्रीत. तुला लागलं का कुठे?"

ट्रेव्हरने चहा प्यायला. भांडला मात्र नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी भोकात कपडे वाळत घालायचा स्टँड उभा होता आणि त्यावर ब्रिटिश झेंड्याचा मोठा टॉवेल. फर्गलने आपल्या बाजूने हिरवी रग्बी जर्सी टांगली. तशीच ट्रेव्हरकडेही असल्यामुळे तिचा काही परिणाम झाला नाही. चहा बंद.

आता यात मी कसा आलो? यंदा तिसऱ्या मजल्याचा तोबान मी होतो. तोबान म्हणजे ज्याची पाळी आहे तो. कचऱ्यावर कावळ्यांसाठी जाळी टाकणं, जिन्यातला बल्ब गेला की कळवणं, अशी कामं. नवीन पार्टिशन हवं असेल तर एकच अर्ज, त्यावर दोन्ही घरांचे शिक्के (इथे सहीच्या जागी शिक्का चालतो), आणि तो ऑक्टोबर संपायच्या आत. ट्रेव्हरने शिक्का लगेच मारला. फर्गलने अर्ज उलटून पालटून पाहिला, शिक्का मात्र काढला नाही.

"पार्थ, मला काही अडचण नाही. पण एका आयरिश माणसाने स्वतःच्या हाताने फाळणीवर शिक्का मारायचा? आमच्या आजोबांना काय सांगू?"

"आजोबा आहेत?"

"नाहीत. म्हणून तर जास्त अवघड आहे."

मी मोरिता-सानांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "काम अर्धवट असताना तोबानची पाळी पुढे जात नाही."

घरी येऊन मी रुचाला म्हटलं, "सोपं आहे. फर्गलला हवंय तसं उघडं ठेवू. जागा मोठी होते, हवा खेळते."

"तुम्हा पुण्याच्या लोकांना ना, जोडून टाकलं की झालं असं वाटतं," ती चपात्या लाटता लाटता म्हणाली. "ज्याला जोडायचं त्याला विचारावं लागते बाप्पा."

"यात विदर्भ आणू नकोस."

"मी कुठं आणला? ऐक. आमचे बाबा आणि काका विदर्भावरून तीस वर्षं भांडले, रोज, एका ताटात जेवून. मग मधलं कंपाउंड पडलं. ते बांधायचं की नाही यावरून नऊ वर्षं बोलले नाहीत. काका गेले तेव्हाही बाबा गेटपाशीच उभे होते." तिने लाटणं ठेवलं. "या दोघांचं इथे कोण आहे रे? शनिवारचा तो एक कप आहे. तू काहीतरी कर, पण डोकं लावून कर."

मी डोकं लावलं. चूक तिथेच झाली.

आमच्याकडे काइरानबान असतो. म्हणजे एक फिरती पाटी: तिला सूचना लावायची, घराने आपला शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराला अडकवायची. मी विचार केला, आयर्लंडला एवढी वर्षं जमलं नाही कारण त्यांच्याकडे ही पाटी नव्हती. मग मी माझ्या बेताच्या जपानीत लिहिलं: '३०४ आणि ३०५ एक व्हावेत का? कृपया विचार करावा.' सोबत १९२१ची आयर्लंडची फाळणी ते १९९८चा शांतता करार असा एक पानाचा इतिहास जोडला, आणि मुलांना कळावं म्हणून नकाशा.

पाटी नऊ दिवसांनी परत आली. चव्वेचाळीस घरं, चव्वेचाळीस शिक्के. वर कोणीतरी एक संत्रं ठेवलं होतं.

मी दोघांना भोकाच्या दोन बाजूंना बोलावलं. ट्रेव्हरने टॉवेल जरासा बाजूला केला.

"निकाल लागलाय," मी म्हणालो. "चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस. आयर्लंड एक."

खाली कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजली.

"एकही विरोधात नाही?" ट्रेव्हरने विचारलं.

"नाही."

"माझं घरही धरलंय?"

मी पाटी दाखवली. ३०४समोर त्याचा शिक्का होता, ठसठशीत, जरासुद्धा तिरका नाही.

"मला जपानी वाचता येत नाही," ट्रेव्हर खुर्चीत बसत म्हणाला. "मला वाटलं ड्रेनेजची सफाई. पाटी आली की मी शिक्का मारतो. अकरा वर्षं मारतोय." त्याने शिक्क्यावर बोट ठेवलं. "देवा. मी आणखी कशाकशाला होकार दिलाय?"

मी फर्गलकडे वळलो. वाटलं होतं तो नाचेल. त्याचा चेहरा ट्रेव्हरपेक्षा पांढरा पडला होता.

"चव्वेचाळीस? म्हणजे... खरंच?"

"तुला हवं होतं ना?"

"हवं होतं रे! तत्त्वतः हवं होतं! पण असं, एका गुरुवारी? आता याच्या बाल्कनीतले बटाटे कोण बघणार? याला त्याच्या त्या बॅगपाइप बँडच्या रेकॉर्ड लावायची सवय आहे, त्या आता माझ्या घरात वाजणार? आणि डॉक्टर? याच्या गावात डॉक्टर फुकट आहे, आमच्याकडे पैसे पडतात. हा आमचा पहिला प्रश्न असणार, आणि मला उत्तर माहीत नाही!"

"पाठवलं कोणी होतं हे?" ट्रेव्हरचा आवाज अगदी हळू होता. "तू या पोराच्या कानात घातलंस, फर्गल. अकरा वर्षं मी तुझ्याशी भांडलो कारण तू विचारायचास. आज तू न विचारता मोजलंस."

"मी काही केलं नाही! मलाही ड्रेनेजच वाटलं होतं!"

ट्रेव्हरने टॉवेल सरळ केला, आत गेला आणि काचेचं दार लावलं. पुढचे दोन शनिवार नऊ वाजता इमारतीत इतकी शांतता होती, की रुचा माझ्याकडे नुसती बघायची. ते जास्त लागायचं.

शेवटी मी पाटी घेऊन मोरिता-सानांसमोर डोकं खाली घालून उभा राहिलो. त्यांनी पाटी उलटसुलट पाहिली.

"पार्थ-सान, हा शिक्का म्हणजे 'वाचलं' एवढंच असतं."

"म्हणजे संमती नाही?"

"संमती वेगळी."

"मग लोकांचं मत काय?"

"लोकांचं मत झालेलं नाही. पाटी पुढे गेली." त्यांनी पाटी परत दिली. "नकाशा मात्र सगळ्यांना आवडला."

त्यांनी काम स्वतःकडे घेतलं. इथली पद्धत अशी, की सभा घ्यायच्या आधी एकेकाच्या घरी जाऊन चहा प्यायचा, आणि सगळं ठरलं की मग सभा घ्यायची. भाषांतराला मी होतो. पहिल्यांदा ३०४. मोरिता-सानांनी शिक्क्याचा अर्थ सांगितला. ट्रेव्हरने लगेच बिस्किटं पुढे केली.

"तुम्हाला पार्टिशन का हवं?" त्यांनी विचारलं.

ट्रेव्हरने आधी आपली राणी, राजा, आजोबांचं सैन्यातलं पदक, असं सगळं सांगितलं. मी भाषांतर केलं. मोरिता-सान प्रत्येक वाक्याला मान हलवत होते आणि जागचे हलत नव्हते. सगळं संपल्यावर ट्रेव्हर खिडकीकडे बघत म्हणाला, "आणि ते नसेल तर मी टकटक कशावर करू?"

मग ३०५.

"तुम्हाला पार्टिशन का नको?"

"आमच्याकडे ते नकोच असतं," फर्गल म्हणाला. "लहानपणापासून. पण ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं, हे कोणी शिकवलं नाही. मी कप घेऊन गेलो तर तो बोललाच नाही. हे असलं एक आयर्लंड मला नको. मुका माणूस आणि गार चहा."

त्याने शिक्का मारला. मारताना डोळे मिटले, आजोबांसाठी.

मंगळवारी दोन माणसं येऊन वीस मिनिटांत नवीन फळी बसवून गेली. मोरिता-सानांनी तिच्यावरची लाल अक्षरं मोठ्याने वाचली, मी अर्थ सांगितला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोघांना कळलं की त्यांच्या सीमेवर काय लिहिलंय.

"हे आधीपासून होतं?" ट्रेव्हरने विचारलं.

"आधीपासून."

"पण आणीबाणी आहे की नाही, हे ठरवणार कोण?"

मोरिता-सानांनी विचार केला. "जो फोडेल तो."

दोघंही यावर खूश दिसले. बोलले मात्र नाहीत, कारण पहिली टकटक ट्रेव्हरने करायची होती आणि ट्रेव्हर वाट बघत होता की फर्गल आधी सॉरी म्हणेल, आणि फर्गल वाट बघत होता टकटकीची.

शनिवारी मी आणि रुचा आमच्या बाल्कनीत कान लावून उभे होतो. नऊ वाजले. काही नाही. नऊ पाच. रुचा म्हणाली, "गेलं. आमच्या काकांसारखं झालं."

नऊ सातला जमीन हलली. फार नाही, तीनचा भूकंप, इथे अशा वेळी लोक आधी चहाचा कप धरतात आणि मग स्वतःला. पण ३०५मध्ये काहीतरी मोठ्याने खळकन फुटलं, आणि मग एकदम शांत.

"फर्गल?" पलीकडून ट्रेव्हरचा आवाज. "फर्गल!"

उत्तर नाही. टकटक झाली, दोनदा. परत दोनदा. मग तो पार्टिशन मुठीने बडवायला लागला. मी दाराकडे धावलो, पण त्याआधीच असा आवाज आला की खालच्या झाडावरचे कावळे उडाले.

आम्ही पोहोचलो तेव्हा फर्गलचं दार उघडंच होतं. आत ट्रेव्हर एका पायात मोजा, दुसऱ्यात पार्टिशनचा तुकडा अडकलेला, गुडघ्यावर बसला होता. फर्गल टेबलाखाली होता, नियमाप्रमाणे, डोकं झाकून, कानांवर मोठे हेडफोन, नऊला टकटक झाली नाही म्हणून रागाने चढवलेले असणार. शेजारी काचेची किटली फुटलेली. ट्रेव्हरने हेडफोन ओढून काढले.

"अरे! तू कसा आलास?" फर्गल म्हणाला.

ट्रेव्हरला दम लागला होता. त्याने आधी फर्गलकडे पाहिलं, मग भोकाकडे, मग माझ्याकडे.

"दूध संपलंय," तो म्हणाला. "याचा देशाशी काही संबंध नाही."

"सॉरी," फर्गल टेबलाखालूनच म्हणाला.

"कशाबद्दल?"

"किटली फुटली. चहा कशात करू?"

"माझ्याकडे आहे. ब्रिटिश आहे."

"चालेल," फर्गल म्हणाला. "तात्पुरती."

तो बाहेर आला आणि दोघं सात पावलांच्या दाराने, वळसा घालून, किटली आणायला गेले. भोकातून जायचं कोणाच्या मनातही आलं नाही. अर्ध्या तासाने दोघं आपापल्या बाल्कनीत, भोकाच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे पाठ करून बसले होते आणि भांडण तापलं होतं. रुचाने आमचंही दार उघडं ठेवलं, नीट ऐकू यावं म्हणून.

सोमवारी मी नवीन अर्ज घेऊन गेलो. माझी पाळी अर्थातच पुढे गेलेली नाही. अर्जात एक रकाना असतो, 'तुटण्याचं कारण'.

"काय लिहू?"

"वारा," ट्रेव्हर म्हणाला.

"शनिवारी वारा नव्हता."

"उत्तरेकडून होता," फर्गल म्हणाला.

मी वारा लिहिलं. दोघांनी न वाचता शिक्के मारले.