वजावरची काडी

मित्रांनो, मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ काळुरामच्या गाळ्यात उभी असते. भंगारवाल्याला मी घाबरत नाही, त्याच्याशी कधीतरी गाठ पडणारच आहे. मला भीती वाटते ती माझ्याच कॉप्यांची.

पहिली सहा वर्षं मी एका वकिलाकडे होते. "मूळ कागद कुठला आणि कॉपी कुठली, कळतच नाही," असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचे. मग काळुरामने मला इथे आणलं. तो माणूस चांगला, पण धसमुसळा. मागच्या महिन्यात माझ्यात अडकलेला कागद त्याने स्क्रू ड्रायव्हरने ओढला आणि कागदावर शाई उमटवणाऱ्या माझ्या ड्रमवर ओरखडा पडला. तेव्हापासून प्रत्येक कागदावर ठरावीक जागी एक बारीक उभी काडी उमटते.

"एवढ्याशा रेघेने कुणाचं काय अडतंय? सीझन संपला की ड्रम बदलू," काळुराम म्हणाला. पण सीझन परीक्षेचा होता.

परवा सकाळी कृतिका नावाची हुशार मुलगी गणिताची वही घेऊन आली. वर्गासाठी सदतीस कॉप्या काढून तिने दुकानातच ठेवल्या आणि वही घेऊन ती गेली. पानावर संमिश्र संख्यांचं गणित होतं, त्यात इंग्रजी आय म्हणजे वजा एकाचं वर्गमूळ. अंशात दहा, छेदात तीन अधिक आय. छेदातला आय घालवायचा तर वर-खाली तीन वजा आयने गुणायचं. चिन्ह तेवढं बदलायचं, त्यातच सगळी गंमत आहे. मग छेदात नऊ अधिक एक म्हणजे दहा उरतात, वरच्या दहाशी ते कटतात आणि उत्तर येतं तीन वजा आय. माझी काडी नेमकी गुणायच्या त्या वजावर बसली. वजाचं अधिक झालं. सदतीस वेळा झालं आणि मला ओरडता येत नव्हतं.

अकराच्या सुमारास कल्याणजवळच्या मोहन्याहून तिच्याच वर्गातली निशिगंधा आली. डिप्लोमाच्या या पेपरात तिला दोनदा केटी लागली होती. यंदा राहिला तर घरचे कॉलेज बंद करणार होते. पेपर दीडला होता. कॉपी घेऊन ती दुकानातल्या स्टुलावरच गणित सोडवायला बसली. कॉपीत दिसलं तसं तिने तीन अधिक आयनेच गुणलं. छेदात आठ अधिक सहा आय आले. आय जाईना. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"काका, दुसरी कॉपी दाखवा ना. माझी चुकीची वाटतेय."

काळुरामने दुसरी दिली. तिथेही अधिकच. मी थरथरत होते आणि काळुरामला वाटलं, मोटर गेली.

"दोन्हीत सेम आहे. म्हणजे मीच ढ," निशिगंधा हळूच म्हणाली. तिने आपली वही मिटली. "काका, मी पेपरला नाही जात. घरी जाते."

काळुरामची आई बायजा कोपऱ्यात कॉप्यांना पिना मारत होती. तिची हयात मिठागरात गेली, अक्षरओळख तिला नाही. तिने निशिगंधाचा हात धरला.

"पोरी, थांब. कवापासून या कागदाला भांडतेस? यी काडी कुनी लिवली नाय. यो बघ आधार कारड. यो दाखला. सगल्यांव हाय, याच जागी."

निशिगंधाने तीनही कागद उजेडावर एकावर एक धरले. काड्या तंतोतंत जुळल्या. तिने पेनाने काडी खोडली आणि गणित केलं. आय गेला.

"आजी, मला येतंय," ती म्हणाली आणि तिथेच रडली. मग कृतिकाला फोन लावत रिक्षाकडे धावली. फोन बंद होता.

मित्रांनो, गणित सुटत नसेल तर लगेच स्वतःला ढ म्हणू नका, आधी मूळ वही मागा. माझ्यासारखी मशीन कुणाकडे असेल तर तिचा ओरखडा लहान समजू नका. त्या दिवशी माझ्यातून सदतीस कॉप्या गेल्या. चूक एकीलाच सापडली. बाकीच्या छत्तीस जणांनी स्वतःला काय म्हटलं असेल, या विचाराने मला धडकी भरते. ड्रम अजून तोच आहे आणि आता काळुराम शटर उघडतोय.