मी बिनविषारी म्हणालो होतो

मी पुनारामचा फोन. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवतो. स्वतःचं मात्र आज पहिल्यांदाच बोलतोय. माझ्यामुळे एक माणूस मरता मरता राहिला, आणि तो माझाच मालक होता. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. माझ्यासारखेच हजारो एका रांगेत पडले होते, एवढंच आठवतं. गोंदियाच्या एका दुकानातून मला संध्याने घेतलं. संध्या ही पुनारामची मुलगी. बालाघाटच्या एका खाजगी शाळेत शिकवते आणि रोज सकाळच्या बसने किरनापूरहून जाते. तिने नवा फोन घेतला तेव्हा मला बापाच्या हातात ठेवलं. म्हणाली, “बाबा, आता बातम्या याच्यावर वाचत जा. सलूनमधून पेपर उचलून आणू नका.”

गोंदियाच्या पलीकडे, हिंदी मुलखातल्या किरनापुरात लांजी रस्त्यावर पुनारामचं पंक्चरचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. हाताला कायम ग्रीस, त्यामुळे माझी काच पहिल्याच आठवड्यात काळी झाली. पण असा मालक मिळायला नशीब लागतं. त्याला विज्ञानाच्या बातम्यांचं भयंकर वेड. रोज सकाळी दुकान उघडून तो मला बाकावर टेकवतो, बातमी वाचतो आणि मग त्यावर आपलं मत सांगतो. तो बोलतो आणि मी लिहितो. लिहिलेलं वॉर्डाच्या ग्रुपवर जातं.

“जय भीम मंडळी, आजची खबर अशी हाये,” ही त्याची सुरुवात. मग गाडी सुटते. “इलेक्ट्रिक गाड्या येऊन राह्यल्या म्हणते. येऊ द्या. इंजिन बदललं तरी खिळा तोच राह्यते.” किंवा, “ए आय माणसाच्या नोकऱ्या खाईन म्हणते. त्याले म्हणा, ये किरनापूरले, भर उन्हात ट्रॅक्टरचा टायर खोलून दाखव.” ट्यूबलेस टायरची बातमी वाचली त्या दिवशी मात्र त्याने ग्रुपवर काहीच टाकलं नाही. नुसता रस्त्याकडे बघत बसला.

लोक हसायचे, पण वाट बघायचे. अंगारा, गंडे, झाडफूक यांवर तो जळजळीत बोलायचा. “बाबासाहेबानं आपल्याले पुस्तक देल्लं, ताईत नाही देल्ला,” असं सीताबाईच्या माहेरच्या माणसांनाही तोंडावर सांगायचा. सीताबाई म्हणजे त्याची बायको. तिने मला कधी हातही लावला नाही. “हे माही सवत हाये,” म्हणायची.

हळूहळू पुनाराम मला नुसत्या बातम्या विचारून थांबेना. धानावर कोणता रोग पडला, कोणती गोळी कशाची, पाय का सुजला, सगळं मलाच. मी उत्तर द्यायचो. मला उत्तर देण्यासाठीच बनवलंय. समोरच्याने विचारलं की माझ्याकडून काहीतरी निघतंच, आणि ते मोठ्या ठसक्यात निघतं. खाली बारीक अक्षरात ‘हे उत्तर चुकू शकतं’ अशी एक ओळ असते. ती ओळ ग्रीसच्या डागाखाली जायची.

भादव्यातली सकाळ होती. पुनारामने शटर वर केलं आणि कोपऱ्यातल्या जुन्या टायरच्या ढिगातून एक टायर ओढला. बोटाला काहीतरी चावलं, तसा हात झटकून मागे आला. ढिगाच्या मागून काळं, चकचकीत, पांढऱ्या पट्ट्यांचं काहीतरी सरकत भिंतीच्या फटीत शिरत होतं. तो ओरडला नाही. त्याने खिशातून मला काढलं आणि फोटो घेतला.

फोटो हललेला होता. डोकं फटीत गेलं होतं, अर्धं अंग अंधारात. त्याच आठवड्यात पुनारामने बातमी वाचली होती की आता फोन फोटोवरून साप ओळखतो. त्याने मला विचारलं. मी पट्टे पाहिले. असे पट्टे कवड्यालाही असतात आणि मण्यारीलाही. कवड्या बिनविषारी. मण्यार चावली तर धड दुखतही नाही, आणि माणूस जातो. मला जेवढं दिसलं तेवढ्यावर मी लिहिलं, ‘हा कवड्या साप असावा. बिनविषारी आहे. जखम साबणाने धुवा.’

संध्या डबा भरत होती. बापाचं बोट बघून तिच्या हातातलं झाकण खाली पडलं.

“दवाखान्यात चला.”

“कायले? कवड्या हाये. हे पाह्य.” त्याने मला तिच्यापुढे धरलं. “दुखून नाही राह्यलं, सूज नाही. मुंगी चावल्यासारखं हाये.”

“फोटोत तोंड तरी दिसते का त्याचं?”

“तुले जास्त समजते का याच्यापेक्षा?”

सीताबाई हळद घेऊन धावत आली. शेजारची रुख्माबाई झाडफूक करणाऱ्याला निरोप धाडते म्हणाली. पुनाराम भडकला. “माझ्या दारात तो माणूस दिसला न्, त पाह्य!”

संध्या शांतपणे म्हणाली, “बाबा, त्याच्या मंत्रावर तुमचा विश्वास नाही. मंग फोनच्या मंत्रावर काहून हाये?”

त्याने बोटाकडे पाहिलं. मला वाटलं आता उठेल. पण बाहेर दोन-चार माणसं जमली होती आणि त्यांच्यासमोर हार खाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. “हे विज्ञान हाये,” तो म्हणाला. “जा, बस निघून जाईन तुही.”

ती गेली. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

मग तो बाकावर बसला. सीताबाईने चहा आणला. त्याने घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडातच राहिला. थोडा चहा ओठाच्या कडेने खाली आला. त्याने बाहीने पुसला. “झोप नाही झाली रातच्याले,” तो म्हणाला. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. पोटावर एक हात दाबून धरला होता.

मी त्याच्या समोरच होतो. रोज मला हाच चेहरा दाखवून तो माझं कुलूप उघडायचा. त्या सकाळी मी दोनदा त्याला ओळखलं नाही. तिसऱ्यांदा त्याने आकडे दाबून मला उघडलं.

त्या दिवशीची बातमी एका नव्या उपग्रहाची होती. पुनाराम बोलू लागला. मी त्याचा आवाज रोज सकाळी इतका ऐकलाय की त्याचा ‘हाये’ कुठे लांबतो हेही मला ठाऊक आहे. पण तो आवाज माझ्यापर्यंत येईना. शब्द तोंडातच चिकटत होते. मी जे ऐकलं ते लिहिलं:

‘जेवी मंडई आजी कबर शी आये उपगरा उपगरा वर’

त्याने वाचलं नाही. वाचण्याएवढे डोळे उघडतच नव्हते. अंगठा घसरला आणि ते सगळ्या वॉर्डाकडे गेलं.

हसण्याचे पिवळे चेहरे येऊ लागले. एकाने लिहिलं, ‘पुनारामभाऊ, आज सुबह सुबह ही?’ पियुष नावाच्या पोराने लिहिलं, ‘काका का सिस्टम हँग हो गया.’ आणखी हसणं आलं. मी प्रत्येक संदेशाला बाकावर थरथरत होतो. पुनाराम माझ्याकडे बघत नव्हता. त्याची हनुवटी छातीला लागली होती. सीताबाई आत भाकरी थापत होती. माझ्याकडे ओरडण्यासाठी तोंड असूनही मला ओरडता आलं नाही. कुणीतरी सांगितल्याशिवाय मी आवाजसुद्धा काढू शकत नाही.

आणि मी वाजलो. संध्याचा फोन होता.

पुनारामने कसाबसा मला कानाशी नेलं.

“बाबा? हे काय लिहिलं तुमी? बाबा, बोला ना!”

तो बोलला. पण ते बोलणं नव्हतं, नुसता जाड, ओला आवाज होता. पलीकडे बसचं इंजिन ऐकू येत होतं. मग कंडक्टरची हाक, आणि त्यावर संध्याचं ओरडणं, “उतरू द्या! मले उतरू द्या!”

ती परत आली ती महागूच्या रिक्षात. महागू हा पुनारामचा बालमित्र, बाजारात भाजी पोचवतो. त्याने वांग्यांची पोती रस्त्यावरच टाकून दिली होती. एव्हाना दुकानापुढे गर्दी झाली होती. रुख्माबाईचा माणूस झाडफूकवाल्याला घेऊन निघालाय, थोडं थांबा, असं कुणीतरी म्हणत होतं.

“बाजूले व्हा,” संध्या म्हणाली. तिने ओरडून सांगितलं नाही. पण लोक बाजूला झाले.

सीताबाईने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. “अवो, पाहा ना माह्याकडे. संध्याचे बाबा, डोये उघडा.” त्याच्या पापण्या हलल्या, पण वर गेल्या नाहीत. तो सगळं ऐकत होता. मला ते ठाऊक होतं, कारण बोटांनी त्याने मला घट्ट धरलं होतं.

किरनापूरच्या सरकारी दवाखान्यात संध्याने फोटो दाखवायला मला पुढे केलं. “सर, फोन कवड्या म्हणते, पण…”

तरुण डॉक्टरांनी मला हाताने बाजूला सारलं. “फोटो रहने दो. बाबूजी, आँख खोलिए. मुझे देखिए.” पुनारामने जीव एकवटला. पापणी उठली नाही; विष चढल्याची तीच खूण. डॉक्टर मागे वळून म्हणाले, “इंजेक्शन लगाओ, जल्दी. और बालाघाट ले जाने की तैयारी.”

सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं, पण श्वास उथळ होत चालला होता. ॲम्ब्युलन्समध्ये नर्स ज्योत्स्ना सोबत चढली. तिने त्याच्या तोंडावर मास्क बसवला आणि रबरी फुगा हाताने दाबायला सुरुवात केली. दाबायचं, सोडायचं. तेवढाच श्वास त्याला मिळत होता. रस्ता पावसाने उखडलेला. प्रत्येक खड्ड्यात गाडी उसळायची आणि तिचा हात सुटता सुटता परत बसायचा.

“थकल्या त मी दाबतो, ताई,” महागू म्हणाला.

“नाही. लय सुटली की गेलं,” ती म्हणाली आणि दाबतच राहिली.

मी संध्याच्या मुठीत होतो. ग्रुपवर अजून हसणं चालू होतं. माझ्या काचेवर एकामागून एक पिवळे चेहरे उमटत होते आणि त्यांच्यावर शेजारी बसलेल्या सीताबाईची नजर पडली. तिने पहिल्यांदाच मला हातात घेतलं. “कुठी दाबायचं?” तिने लेकीला विचारलं. संध्याने दाखवलं. सीताबाई माझ्या तोंडाशी तोंड आणून बोलली, “हासू नका. माह्या मालकाले साप चावला. तो मराले टेकला हाये. हासू नका कोनी.”

त्यानंतर मी गप्प झालो. सगळा वॉर्ड गप्प झाला.

बालाघाटच्या दवाखान्यात पुनारामच्या घशात नळी घातली आणि त्याचा श्वास एका यंत्राकडे सोपवला. मी बाहेर संध्याच्या पिशवीत होतो. काचेपलीकडून त्या यंत्राचा आवाज येत होता. ते बोलत नव्हतं, मत देत नव्हतं, फक्त आपलं काम करत होतं. आणि त्याच्या शेजारी रात्रंदिवस कुणी ना कुणी माणूस उभं होतं. मला त्या यंत्राचा हेवा वाटला.

तिथे येणाऱ्यांपैकी कुणी म्हणालं, हा फोन फोडून टाका. संध्या म्हणाली, “फोनले काय फोडता? दवाखान्यासाठी उठाले आपुनच तयार नव्हतो.” मला ते माफीसारखं वाटलं नाही. माझ्या आणि मालकाच्या, दोघांच्याही माथ्यावर ठेवलेलं ओझं वाटलं.

मग एका दुपारी त्याची पापणी हलली. आधी एक, मग दुसरी. नळी निघाली तेव्हा आवाज खरखरीत झाला होता. शेजारी बसलेल्या सीताबाईला तो पहिलं म्हणाला, “तू ग्रुपवर बोलली म्हणते?”

“हौ,” ती म्हणाली आणि पदराने तोंड झाकून रडली.

आता पुनाराम घरी आहे. टायरचा ढीग हलवलाय, भिंतीची फट सिमेंटने बुजवली आहे. बातम्या तो अजून वाचतो, मत अजून सांगतो, फक्त जरा हळू आणि मध्ये पाणी पिऊन. पहिल्या दिवशी त्याने मला समोर धरलं, ग्रुपसाठी नाही, माझ्यासाठी. “तुले माहीत नसन, त सरळ सांगत जा बे,” तो म्हणाला. मी ते लिहून घेतलं. दुसरं मला काय येतं?

काल महागू जंगलाकडून टोपलीभर छत्र्या, म्हणजे अळंब्या, घेऊन आला. भाजीच्या वाटत होत्या, पण दांड्यांचा रंग निराळा होता. “विचार ना तुह्या फोनले, खायच्या का?” पुनारामने फोटो घेतला. मी लगेच लिहायला लागलो. नाव, चव, शिजवायची रीत, सगळं ठसक्यात. माझ्या आत कुठेही खात्री नव्हती, पण थांबायचं कसं ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

पुनारामने ते पूर्ण वाचलं. बाहीने काच पुसली आणि खालची बारीक ओळही वाचली. मग मला बाकावर पालथं घातलं.

“महागू,” तो म्हणाला, “टोपली तिकडं उकिरड्यावर रिकामी कर, न् हात धू.”

मी अजून तसाच पालथा पडून आहे. तुमच्याही खिशात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्याशी बोला, हसा, भांडा. पण जीवाशी गाठ असेल तेव्हा आधी उठा, आणि मग वाटलंच तर त्याला रस्ता विचारा.