नदीच्या गाण्याची चाल

बाईंच्या कामाबद्दल त्यांच्या नणंदेला पहिली कित्येक वर्षं एवढंच ठाऊक होतं, की वहिनी विद्यापीठात जाडजूड बायकांच्या ओरडण्याबद्दल शिकवते. बाईंनी तिला परोपरीनं समजावलं. तो ऑपेरा पुष्कळ नंतरचा. आपला अगदी सुरुवातीचा, इटलीत नुकता जन्मलेला, राजवाड्यातल्या एका दालनात मूठभर वाद्यांवर चालणारा. त्यात कुणी ओरडत नाही. नणंदेनं शांतपणे विचारलं, ओरडत नाहीत तर मागच्या रांगेला ऐकू कसं येतं? बाईंनी त्या दिवसापासून तिचा नाद सोडला.

नवऱ्याला मात्र हे काम पहिल्याच फटक्यात कळलं होतं. तो दातांचा डॉक्टर. बाईंनी त्याला जुनी हस्तलिखितं दाखवली. वर गाणाऱ्याची ओळ, खाली खर्जाची ओळ, आणि मधे नुसता पांढरा कागद. त्या काळच्या वादकांना मधलं काय वाजवायचं ते सांगावं लागत नसे, म्हणून कुणी लिहून ठेवलंच नाही. आता चारशे वर्षांनी बाईंसारख्यांनी ते शोधायचं. नवरा म्हणाला, "म्हणजे दोन्ही बाजूंचे दात शाबूत आणि मधली फट तू भरायची. रोग्याला कळता कामा नये." बाईंनी आयुष्यभर अनेक परिषदांतून आपल्या विषयाची व्याख्या केली, पण इतकी नेमकी त्यांना कधी साधली नाही.

त्यांची सगळी कारकीर्द एका ऑपेरावर उभी होती. शिष्यवृत्तीवर असताना एका जुन्या ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर तो त्यांना सापडला. एक जलदेवता माणसाच्या प्रेमात पडते आणि त्याच्याशी संसार करायला नदी सोडून जाते, एवढीच गोष्ट. बाई तेव्हापासून त्या नदीत बुडाल्या त्या बुडाल्याच. नकलनविसाचं अक्षर लावता लावता त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढत गेला. कुठले डाग शाईचे आणि कुठले वाइनचे, हे त्या वासावरून सांगत. जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत एक खिडकी होती, ती उघडत नसे, आणि पियानोच्या आधीच्या काळचं एक जुनं हार्प्सिकॉर्ड होतं, त्याच्या दोन पट्ट्या वाजत नसत. विद्यार्थी यायचे, पदव्या घ्यायचे आणि चित्रपटांना संगीत द्यायला निघून जायचे. बाई तिथेच.

एवढं करून तो ऑपेरा त्यांनी कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. कागदावर वाचून मनातल्या मनात वाजवायचा, एवढंच. यंदा त्या निवृत्त होणार होत्या आणि त्याआधी एकदा तरी तो खऱ्या गळ्यांतून ऐकायचा, ही एकच इच्छा त्यांनी धरून ठेवली होती. गावातल्या नाटकघरानं तो बसवायचं मान्य केलं तेव्हा त्यांनी घरी येऊन नणंदेला सुद्धा मिठी मारली.

आता अडचण एकच होती, आणि तिचं नाव कात्री. म्हणजे विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. हे गृहस्थ जुनं संगीत छापणाऱ्या एका ग्रंथमालेचे मुख्य संपादक आणि नाटकघराचे सल्लागार. त्यांचा नियम साधा होता: जे मूळ प्रतीत आहे तेवढंच वाजणार, वरचा एक सूर नाही. गेल्या तीस वर्षांत त्यांनी किती जणांच्या किती ओळी छाटल्या असतील याला सुमार नव्हता. बाईंच्याही छाटल्या होत्या. परिषदेत दोघं समोरासमोर आले की बाकीचे लोक चहा घेऊन जवळ उभे राहत, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून.

आणि बाईंच्या ऑपेरात नेमकं एक भगदाड होतं. जलदेवता नदीचा निरोप घेते ते गाणं. त्याचे शब्द छापील पुस्तिकेत होते. खर्ज वाजवणाऱ्याच्या वेगळ्या प्रतीत खालची ओळही शाबूत होती. पण गायिकेचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. शब्द होते, खर्ज होता, चाल नव्हती. आणि ते गाणं नसेल तर नायिका काही न बोलता नदीतून उठून चालू लागते, एखादी बाई बसमधून उतरावी तशी. असं नाटक कुणी बसवलं नसतं.

म्हणून चाल बाईंनी स्वतः लिहिली. चोरून नव्हे. त्यांनी छापून आणलेल्या ऑपेराच्या आवृत्तीत ती बारीक टाइपात, चौकटी कंसात छापलेली होती आणि खाली टीप होती की ही ओळ संपादिकेची आहे. या धंद्यातला प्रामाणिकपणा तो एवढाच असतो, टाइपाच्या आकारात मावेल इतका.

पण नाटकघरात नक्कल करणाऱ्या माणसानं गायकांच्या सोयीसाठी सगळं मोठ्या अक्षरांत उतरवलं. कंस गेले, टीप गेली. चारशे वर्षांपूर्वीचे सूर आणि बाईंचे सूर एकाच मापाचे होऊन शेजारी शेजारी बसले. पहिल्या तालमीला बाईंच्या हे लक्षात आलं. सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, मग कात्रीसाहेब आठवले, आणि त्यांनी ते मुकाट्यानं मिटलं. शेवटी साहेबांची सही झाल्याशिवाय पडदा उघडणार नव्हता.

साहेब रंगीत तालमीला आले. पहिल्या अंकात त्यांनी तीन ठिकाणी पेन्सिलीनं खुणा केल्या. मग नदीचं गाणं सुरू झालं आणि त्यांची पेन्सिल थांबली. गाणं संपलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरबाईंना ते म्हणाले की अस्सल म्हणतात ते हे. असं सुचायला चारशे वर्षांपूर्वीचं मन लागतं, आजच्या माणसाचं ते काम नाही. कार्यक्रमपत्रिकेसाठी या एका गाण्यावर आपण लेख लिहिणार, हेही त्यांनी जाहीर करून टाकलं. मागच्या खुर्चीत बाई इतक्या खूश झाल्या की त्यांना खोकला लागला.

ती खुशी घरी पोचेपर्यंतच टिकली. जेवताना त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं, साहेबांच्या चष्म्याची नक्कलही करून दाखवली. तो पोट धरून हसला. मग पाणी पिऊन म्हणाला, "पण त्याचा लेख छापून आला की ते गाणं तुझं नाही राहायचं."

बाईंनी घास तसाच ताटात ठेवला. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. लेख साहेबांचा म्हटल्यावर पुढची सगळी पुस्तकं तोच उतरवून घेणार. खोटं आपण बोललो नाही, पण वाढू तर दिलं. आणि खरं सांगायचं तर खोट्यापेक्षाही दुसरंच जास्त टोचत होतं. आयुष्यात एकदाच काहीतरी सुरेख हातून घडलं आणि ते आपण उचलून एका मेलेल्या माणसाला देऊन मोकळे होणार.

सकाळी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. टेबलावर पत्रिकेचं कच्चं मुद्रित पडलं होतं, त्याला साहेबांनी रात्रीच लिहून काढलेल्या लेखाची दोन पानं टाचलेली. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसण्याआधीच सांगून टाकलं, की नदीच्या गाण्याची चाल आपली आहे.

साहेबांनी मान वर केली नाही. ते शक्य नाही, म्हणाले. बाई म्हणाल्या, शक्य कसं नाही. नवऱ्याच्या दवाखान्यात बाकावर बसून, आत कुणाची तरी दाढ कोरली जात असताना, टूथपेस्टच्या जाहिरातीमागे लिहिली. साहेब म्हणाले, दुसऱ्या कडव्यात सूर खर्जाला जाऊन घासतो तसा घासवण्याची छाती आजच्या अभ्यासकात नसते. बाई चिडल्या. तो घासतो कारण आतून रोगी ओरडला आणि आपला हात हलला, मग ते बरं वाटलं म्हणून तसंच ठेवलं. शेवटची तान तर उगाच लांबली आहे. साहेब म्हणाले, मुळीच नाही, नदी सोडवत नाही म्हणून ती लांबते, एवढं तुम्हाला कळू नये? मग त्यांनी गाण्याची एकेक ओळ घेऊन ती का बरोबर आहे ते सांगायला सुरुवात केली. बाई ऐकत राहिल्या. तीस वर्षांत या माणसाच्या तोंडून त्यांनी स्वतःबद्दल एक बरा शब्द ऐकला नव्हता, आणि आता त्यांची झोळी भरून वाहत होती, तीही दुसऱ्याच्या नावानं.

"तान लांबली ते बरंच केलंत," साहेब शेवटी म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "केलंत म्हणालात तुम्ही."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "टीप मी वाचली आहे, बाई. तुमची आवृत्ती आली त्याच दिवशी. टिपा वाचण्यावरच माझं पोट आहे."

"मग काल काय म्हणालात ते?"

"मग काय म्हणणार? अस्सल नसेल ते काढायचं, हा नियम मीच केलाय. गाणं ठेवायचं असेल तर ते अस्सल असणं भाग आहे."

बाईंना हसावं की टेबलावरचा पेपरवेट उचलावा ते कळेना. म्हणजे हा माणूस त्यांच्या गाण्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता. त्यांना भरून आलं. पण बाई भरून आलं म्हणून माघार घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"माझं नाव घाला," त्या म्हणाल्या. "नाहीतर गाणं काढा."

साहेबांनी त्यांना समजावलं. गाणं काढलं तर नाटक पडेल. बाई म्हणाल्या, पडू दे. म्हणता म्हणता त्यांना उमगलं, की ते खरोखर पडेल, आणि पुन्हा कुणी बसवणार नाही. साहेब म्हणाले की नाव घातलं तर ज्यांच्या ओळी आपण छाटल्या ते सगळे उद्या दाराशी उभे राहतील.

"राहू देत. खुर्च्या मागवा."

साहेबांनी मुद्रित पुढे ओढलं आणि आपल्या लेखाच्या दोन्ही पानांवर एक लांबलचक रेघ मारली. आजवर दुसऱ्यांच्या पानांवर मारत आले होते तशीच. खाली लिहिलं: नदीच्या गाण्याची चाल, आणि बाईंचं नाव. टाइप केवढा हवा, असं त्यांनी विचारलं. संगीतकाराच्या नावाएवढा?

"नको," बाई म्हणाल्या. "त्यांच्या पायाशी बसेल एवढाच. पण चष्म्याशिवाय दिसला पाहिजे."

रविवारी दुपारी प्रयोग झाला. नाटकघर बऱ्यापैकी भरलं होतं आणि उकडत असल्यामुळे लोक पत्रिकांनी वारा घेत होते, बाईंच्या नावासकट. नवरा डाव्या बाजूला, त्याच्या पलीकडे नणंद, आणि उजवीकडे कुणी न विचारता येऊन बसलेले कात्रीसाहेब.

जलदेवता काठाशी आली. खर्ज सुरू झाला. मग तिनं तोंड उघडलं आणि बाईंची चाल पहिल्यांदा भरल्या सभागृहात वर गेली.

साहेब कानाशी वाकून हळूच म्हणाले, "इथे मी असतो तर इतका वर गेलो नसतो."

"म्हणूनच तुम्हाला विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मान डोलावली आणि डोळे मिटले. मग बाईंना रडू फुटलं, आणि त्या रडण्याचा त्यांना भयंकर राग आला, कारण पुढचे सूर नीट ऐकू येईनात.