डॉर्कसचा हात

स्कारबेकच्या मौनसभेला, म्हणजे गप्प बसून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती मंडळींच्या सभेला, तीनशे चाळीस वर्षं झाली, त्या रविवारी सभेला माणसं होती सहा. त्यातली तीन पाहुणी.

डॉर्कस आठलाच आली होती. शेगडी पेटवली, बाकं पुसली, छत गळत होतं तिथे बादली सरकवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात. पण सभेत कुणी कुडकुडायचं नाही हा तिचा हट्ट. शेगडी पेटवायला दुसरं होतंच कोण?

जिल्ह्याच्या सभेकडून आलेली फिलिपा वाईट बाई नव्हती, हीच तर पंचाईत. वाईट असती तर भांडता आलं असतं. ती उभी राहून हळूच म्हणाली, "इथली सभा आता थांबवावी आणि ही इमारत गावच्या पाळणाघराला द्यावी. ज्यांनी हे घर बांधलं, त्यांनाही इथे पोरं खेळलेली आवडली असती." आणि खाली बसली.

या लोकांत हात वर करून मोजणं नसतं. एकाने मनापासून अडवलं तरी ठराव अडतो. पण डॉर्कस होती चिटणीस, आणि चिटणिसाने सभेचं मन लिहायचं, स्वतःचं नाही. तीन वर्षांपूर्वी तिने हे काम मागून घेतलं होतं. चिटणिसाचं टेबल आपल्याकडे असलं की सभा कोण बंद करतं बघू, असं वाटलं होतं बाईला. घ्या आता! आपल्याच तोंडाला आपण कुलूप लावून बसली होती.

तिने ॲम्ब्रोजकडे पाहिलं. शहाऐंशीचा म्हातारा, बायको मागच्याच अंगणात पुरलेली. तो नाही म्हणेल, म्हणायलाच हवं. ॲम्ब्रोज जमिनीकडे बघत राहिला.

डॉर्कसने पेन उचललं आणि लिहिलं की एकमत झालं नाही, विषय पुढे ढकलला. मोठ्याने वाचून विचारलं, "मित्रांनो, हा ठराव चालेल?"

चालत असेल तर "तशी आशा आहे" म्हणायचं, ही रीत. कुणीच म्हणालं नाही.

ॲम्ब्रोज खाकरला. "हा तुझा ठराव झाला गं, डॉर्कस. आमचा नाही."

"मग तू बोल की. नको म्हण."

"गेल्या हिवाळ्यात आठ रविवार तू इथे एकटी बसलीस. रस्ता निसरडा आहे असं मी फोनवर सांगायचो. खोटं होतं ते. रिकाम्या बाकांसमोर तुला बघवत नव्हतं मला."

जन्मात खोटं न बोललेला ॲम्ब्रोज तिच्यासाठी खोटं बोलला होता. तिने कागदावर काट मारली आणि दुसरा ठराव लिहिला, एका ओळीचा: सभा थांबवावी, इमारत पाळणाघराला द्यावी. तो वाचून दाखवला. पाच जण एकेक करून म्हणाले, "तशी आशा आहे."

आता चिटणिसाने शेजाऱ्याचा हात हातात घेतला की सभा संपते, मग सगळे एकमेकांशी हात मिळवतात. तोवर कुणी उठत नाही. डॉर्कसने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. नाहीच द्यायचा हात. बसा.

बसले सगळे. गप्प बसण्यात हार जाणारी माणसं नव्हेत ती. अर्धा तास गेला, मग तास. शेगडी विझली. ॲम्ब्रोज काठी टेकत तिच्या शेजारी येऊन बसला.

"पुढच्या रविवारी मी कुठे जाऊ रे?" तिने विचारलं.

त्याचे ओठ निळे पडले होते, गुडघ्यावरचा हात लटलट कापत होता. अगं बाई, गारठला की हा, असं म्हणत तिने तो हात ओढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून जोरजोरात चोळायला लागली.

मागे बाकं सरकली. डॉर्कसने मान वळवली. फिलिपा डोळे पुसत शेजाऱ्याशी हात मिळवत होती.