फाशीच्या बराकीतलं दुखणं

जमादार फाशीच्या बराकीवर रुजू झाला तेव्हा त्याच्या डोक्यावर भरगच्च केस होते. आता टोपी काढली की नुसती चकाकी. एवढ्या वर्षांत त्या बराकीत माणसं आली, दयेचे अर्ज करत बसली, कुणाची शिक्षा कमी झाली, कुणी म्हातारा होऊन आपल्या मरणाने गेला. पण प्रत्यक्ष फाशी एकदाही झाली नव्हती. टोकाची ती फाशीची खोली झाडून घ्यायची, बिजागऱ्यांना तेल द्यायचं आणि कुलूप लावायचं, एवढाच जमादाराचा तिच्याशी संबंध. म्हणून मोठ्या साहेबांनी बोलावून "ड्रायव्हरची तारीख आलीय" म्हटलं, तेव्हा त्याला वाटलं कोर्टाचीच तारीख.

"कोर्टाची नाही हो, शेवटची," साहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात. आणि फाशीचा खटका ओढणारा जुना माणूस वारला, नवा कुणी मिळत नाही. बराकीतलं कुणी जबाबदार आहे का, असं वरून विचारलं होतं. मी तुमचं नाव कळवलं."

"होय साहेब," जमादार म्हणाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द त्याच्या जिभेवरच राहायला आले होते. डोक्याला विचारायला ते थांबत नसत.

ड्रायव्हर म्हणजे त्या बराकीतला सध्याचा एकुलता एक कैदी. ट्रक चालवायचा. मालकाला आणि मालकाच्या भावाला त्याने गॅरेजमध्ये लोखंडी पान्याने मारलं होतं. "मी मारलं" हे त्याने पहिल्याच दिवशी कबूल केलं. का मारलं ते मात्र कुणालाच धड सांगितलं नाही. "डोकं फिरलं," एवढंच. आता वाळून काटकी झाला होता. तुरुंगाच्या भिंतीपलीकडे चढाचा रस्ता होता, आणि त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून तो कोठडीतून शेरे मारायचा. "याचा क्लच गेलाय." "हा नवशिका दिसतोय, तिसऱ्यावर चढवायला बघतोय." पहाऱ्यावरच्यांना हसू यायचं, आणि हसल्यावर उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

जमादाराच्या हाताखाली पहिलवान नावाचा शिपाई होता. कुस्ती त्याने जन्मात केली नव्हती, पण कोठडीच्या दारातून आत जायला त्याला तिरकं व्हावं लागायचं, म्हणून ते नाव. त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला भर रस्त्यात भोसकलं होतं. भोसकणारा काही वर्षं आत राहून सुटला आणि आता बहिणीच्याच गल्लीत सायकली दुरुस्त करत बसतो.

"तुम्हाला जमत नसेल तर मी ओढतो खटका," पहिलवान म्हणाला. "मला काही नाही वाटायचं."

"याने तुझ्या दाजींना नाही मारलेलं."

"कुणाच्या तरी दाजींना मारलंच ना? त्या मालकाची बायको आहे घरी. तिने काय करायचं, सांगा की."

 जो गेला त्याच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवंच, हे जमादारालाही पटत होतं. फक्त तो खटका आपल्या हातात का, हे पटत नव्हतं.

तालीम घ्यायची म्हणून ड्रायव्हरच्या वजनाचं वाळूचं पोतं आणवलं. जमादाराने खटका ओढला. फळ्या अशा धाडकन खाली गेल्या की छपरावरची कबुतरं फडफडत उडाली. आवाज साऱ्या बराकीत घुमला. थोड्या वेळाने कोठडीतून ड्रायव्हरचा आवाज आला, "दणका बरा आहे, जमादार." आणि मग त्या दिवशी तो एकाही गाडीबद्दल बोलला नाही.

घरी जमादार कुत्र्यासारखा अंगावर यायला लागला. पाण्याचा पेला डावीकडे का ठेवला, इथपासून त्याची कुरकुर सुरू. बायकोने पेला उजवीकडे ठेवला आणि म्हणाली, "कामावरचं भूत कामावर ठेवून येत जा. माझ्या मानगुटीवर कशाला?" त्याने पाणी गटागट प्यायलं आणि दिवा मालवला. काय सांगणार?

मग एका सकाळी ड्रायव्हर कोठडीत गुडघे पोटाशी घेऊन पडलेला सापडला. घामाने निथळत होता. तुरुंगाचे डॉक्टर रजेवर होते. कंपाउंडर आला, पोटाला एक बोट लावून "गॅस आहे" म्हणाला, औषधाचा घोट पाजून निघून गेला. तो घोट लगेच उलटून पडला. जमादाराने स्वतः पोटाला हात लावला. पोट फळीसारखं कडक, अंग तव्यासारखं तापलेलं. त्याची धाकटी मेहुणी अशाच दुखण्यात जाता जाता वाचली होती. हे गॅसचं काम नव्हे, हे त्याला कळलं.

आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आणखी एक गोष्ट आली. आपण नुसते थांबलो तर? कंपाउंडरने तपासलंय, औषध दिलंय. आपल्यावर बोट ठेवायला जागा नाही. हा आपला आपण जाईल आणि खटका ओढायची वेळच येणार नाही. विचार इतका सरळ होता की जमादाराला तो आपलाच आहे हे मान्य करायला वेळ लागला. तो उठला आणि छोट्या साहेबांच्या खोलीकडे धावला, कारण मोठे साहेब बैठकीला गावात गेले होते.

छोटे साहेब नुकतेच बदलून आले होते. ते खुर्चीतून अर्धे उठले. "फाशीचा कैदी फाटकाबाहेर? लेखी परवानगीशिवाय? माझी नोकरी जाईल, जमादार. मोठे साहेब दुपारी येतील, तेव्हा बघू."

"दुपारपर्यंत टिकायचा नाही तो, साहेब."

"नाही टिकला तर..." छोट्या साहेबांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "नाहीतरी पुढच्या आठवड्यात तेच ना?"

मघाशी स्वतःच्या मनात आलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि जमादाराला त्याची किळस आली. "साहेब," तो म्हणाला, "मी तुम्हाला न जुमानता नेला असं सांगा. नाव माझं घाला. पण फाटक उघडायला सांगा." नोकरीत पहिल्यांदाच त्याने साहेबांच्या 'हो'ची वाट पाहिली नाही.

तो बराकीत परतला तर कोठडी उघडी, आणि पहिलवान तिरका होऊन बाहेर येत होता. पाठीवर ड्रायव्हर. त्याचे दोन्ही हात पहिलवानाच्या गळ्यात.

"स्ट्रेचर कुठेय?" जमादाराने विचारलं.

"स्ट्रेचर शोधत बसलो असतो तर हा गेला असता," पहिलवान धापा टाकत म्हणाला. "बाजूला व्हा!"

छोट्या साहेबांनी फाटक उघडायला सांगितलं होतं. तुरुंगाची गाडी चढाला लागली आणि रखडायला लागली. मागे जमादाराच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हणारा ड्रायव्हर डोळे मिटूनच पुटपुटला, "दुसरा टाक... अरे दुसरा टाक ना." पुढच्या शिपायाने घाबरून गिअर बदलला. गाडी चढली.

इस्पितळातल्या सर्जनबाई भराभर बोलणाऱ्या, भराभर चालणाऱ्या होत्या. त्यांनी पोट तपासलं. "अपेंडिक्स फुटायला आलंय. लगेच आत घ्या." मग पायातल्या बेड्या दिसल्या. "शिक्षा काय आहे याला?"

जमादाराने सांगितलं. कधी, तेही सांगितलं.

बाई थांबल्या. "म्हणजे मी याला आज वाचवायचा, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही..."

"होय," जमादार म्हणाला. "मीच. खटका माझ्याकडेच आहे."

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. रागावल्या असतील असं त्याला वाटलं, पण त्या म्हणाल्या, "बसा त्या बाकावर. आणि त्या धिप्पाड माणसाला पाणी द्या, पडेल तो," आणि आत गेल्या.

दोघं बाकावर बसले. पहिलवानाच्या सदऱ्याची पाठ ड्रायव्हरच्या घामाने अजून ओली होती.

"तू तर खटका ओढायला निघाला होतास," जमादार म्हणाला.

"होतोच." पहिलवान हातांकडे बघत राहिला. "मला वाटायचं, असला कुणी तडफडताना पाहिला की बरं वाटेल. दाजींचं काहीतरी फिटेल. सकाळी हा 'आई गं' म्हणून ओरडला ना, तेव्हा वाट बघितली मी. आता बरं वाटेल, आता वाटेल. कुठलं काय! कुलपाला किल्ली कधी लावली तेही कळलं नाही."

"मग?"

"मग काय, उचलला. शिक्षा चुकीची आहे असं नाही म्हणत मी, जमादार. अजूनही नाही म्हणत."

"मी कुठे म्हणतोय? पण मीही सकाळी जरा थांबलो होतो. हा मेला तर माझी सुटका, असं आलं मनात."

पहिलवानाने चमकून पाहिलं. मग बाकावर थोडा जवळ सरकला, आणि पाण्याची बाटली पुढे केली.

बाई बाहेर आल्या तेव्हा मास्क खाली ओढलेला होता. "वाचला," म्हणाल्या. "पण खडखडीत बरा व्हायला वेळ लागेल. तोवर त्याला कुठेही न्यायचं नाही. कुठेही म्हणजे कुठेही. तसं मी लिहून देणार आहे."

मोठे साहेब दुपारी इस्पितळातच आले. जमादार उठून उभा राहिला. निलंबन धरूनच चालला होता. साहेबांनी काचेतून आत पाहिलं. "परवानगी न घेता आणलात," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून मान पुसली. "मी असतो तर दिली असती असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. बरं केलंत." आजारी माणसाला फाशी देता येत नाही, म्हणून तारीख पुढे गेली.

ड्रायव्हर बराकीत परत आला, पेज पीत पीत भिंतीला धरून चालायला लागला. एकदा फेटाळला जाऊन पुन्हा वर पाठवलेल्या त्याच्या दयेच्या अर्जाकडे तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष गेलं. कुणाचं, कसं, ते जमादाराला कधीच कळलं नाही. एका सकाळी साहेबांनी बोलावून एवढंच सांगितलं, की फाशी रद्द, जन्मठेप. "तुम्हीच सांगा त्याला," ते म्हणाले.

साहेबांच्या खोलीबाहेर आल्यावर जमादार पायरीवरच बसला. छातीवर कुणी मांडी ठोकून बसलं होतं आणि आता उठून गेलं, तसं वाटलं.

कोठडीत ड्रायव्हरने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे आता नाही?"

"नाही. पण मरेपर्यंत आतच."

"बरं." त्याने अंगावरचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाला, "मालकीणबाईंना सांगितलं का कुणी?"

"सांगतील."

"त्यांना बरं नाही वाटायचं."

"नाही वाटणार."

ड्रायव्हरचा चेहरा वेडावाकडा झाला. "मला वाटतंय, जमादार. खूप बरं वाटतंय. चालेल ना?"

जमादार त्याच्या शेजारी बसला. "चालेल," तो म्हणाला.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तारीख, पोतं, सकाळचा तो विचारसुद्धा. ती ऐकता ऐकता कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटी घडी तशीच राहिली. "आणि इतके दिवस मला पेल्यावरून बोलणी खायला लावलीत," असं म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला आणि हसायलाच लागली. त्यालाही हसू फुटलं. दोघं वेड्यासारखी हसत बसली.

पहिलवान मात्र इस्पितळातल्या त्या दिवशीच घरी न जाता थेट बहिणीकडे गेला होता. सायकलवाला दुकानासमोर पंप मारत होता. पहिलवानाने त्याच्याकडे पाहिलं नाही. बहिणीला त्याने चोरी कबूल करावी तसं सांगितलं, की आपण एका खुन्याला पाठीवर घेऊन धावलो.

बहीण दारातच उभी होती. "वाचला का?" तिने विचारलं.

"वाचला."

तिने गल्लीतल्या सायकलवाल्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "आत ये. पाठ दुखत असेल तुझी, शेकून देते."